वसुलीच्या फोनला भिऊन आईचं सोनं मोडू का?

एका मैत्रिणीचं पत्र आहे. नाव-गाव गाळून थोडक्यात सांगते. ती २७ वर्षांची. राष्ट्रीयीकृत बँकेतून शैक्षणिक कर्ज काढून इंजिनीअर झाली. वडील सहकर्जदार, घर-जमीन काही तारण नाही. शिक्षण संपल्यावर नोकरी उशिरा लागली, लागली ती सुटली, आणि आता २४ हजारांवर नव्याने सुरुवात केली आहे. घरखर्चाला देऊन सात-आठ हजार उरतात. मधल्या काळात हप्ते थांबले ते थांबलेच. व्याजासकट येणं ७ लाख ४० हजारांवर गेलंय, खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-अनुत्पादक, झालंय. वसुली एजंटचे दिवसभर फोन येतात, रात्री दहालाही. त्यांनी मावशीला फोन केला, ऑफिसात एचआरला केला. ‘पोलीस घरी येतील’ म्हणतात आणि व्हॉट्सअॅपवर वॉरंटसारखा कागद पाठवलाय. आता त्यातला एकजण म्हणतो, शनिवारपर्यंत दीड लाख माझ्या यूपीआय नंबरवर टाक, प्रकरण मिटवतो. नाहीतर होणाऱ्या सासरी फोन करीन. तिचं लग्न ठरलंय. वडिलांना यातलं काही माहीत नाही, कारण बँकेची पत्रं जुन्या भाड्याच्या घरी जातात. आई म्हणते, माझं सोनं मोड आणि मोकळी हो. मित्र म्हणतो, सिमकार्ड बदल, तीन वर्षं काढ, कर्ज आपोआप बुडतं. तिची झोप उडाली आहे. ती विचारते, “ताई, सही माझी, चूकही माझीच. मग त्यांचं ऐकून घेण्याशिवाय मला अधिकार तरी काय? सोनं मोडू का?”

शनिवारचं आधी सांगते. सोनं मोडू नकोस आणि त्या यूपीआय नंबरवर एक रुपयाही पाठवू नकोस. कर्जाचा पैसा फक्त कर्जखात्यात भरायचा असतो. खातेउताऱ्यात जो जमा दिसत नाही तो बँकेला पोचलेला नाही, एजंट काहीही सांगो. शिवाय तडजोड मंजूर करायचा अधिकार एजंटकडे नसतोच. किती रक्कम सोडायची हे बँकेचा त्या पदावरचा अधिकारी ठरवतो आणि बँकेच्या लेटरहेडवर, खातेक्रमांक, रक्कम आणि मुदत लिहून मंजुरीपत्र देतो. ते हातात नसताना दीड लाख दिलेस तर आईचं सोनं जाईल आणि कर्ज आहे तिथेच राहील. महिन्याभराने दुसरा एजंट येईल, त्याला पहिल्याचं बोलणं ठाऊकही नसेल. शनिवार ही मुदत बँकेने घातलेली नाही. तुला कुणाला विचारायला वेळ मिळू नये म्हणून त्या माणसाने ती घातली आहे.

आता तुझ्या पत्रातल्या त्या शेवटच्या वाक्याकडे येते, कारण तेच मला सगळ्यात जास्त लागलं. देणं तुझं आहे, हे खरं. तू ते नाकारतही नाहीस. पण त्या सहीने तू पैसे परत करायची कबुली दिलीस, कुणाच्या शिव्या खायची नव्हे. आणि चूक म्हणायची तर कोणती? स्वतः एक पैसा कमावत नसताना, चार वर्षांनी मिळेल अशा पगाराच्या भरवशावर केलेली ती सही. तो पगार वेळेवर आला नाही. शैक्षणिक कर्जात हप्ते सुरू व्हायला शिक्षणानंतर साधारण वर्षभराची सवड देतात, पण त्या काळातही व्याज चढत असतं. ज्याला नोकरी उशिरा लागते त्याच्यापुढे पहिला हप्ता येतो तोच फुगलेला. तू पैसे उडवलेले नाहीस. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तुला बँकेत जाऊन बोलायचं आहे, आणि तिथे अपराध्यासारखी बसलीस तर पुढ्यात येईल त्या कागदावर सही करशील.

अधिकारांचं म्हणशील तर ते छापील आहेत. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, दमदाटी, चारचौघांत अपमान, निनावी फोन, मोबाइलवर वाटेल ते मेसेज, खोटंनाटं सांगून घाबरवणं, घरच्यांना आणि मित्रमंडळींना त्रास देणं, सगळ्याला मनाई आहे. रात्री दहाचा फोन, मावशीला केलेला फोन, सासरची धमकी, वॉरंटचं नाटक, यातलं काहीच त्या नियमात बसत नाही. आणि एजंट जे करतो त्याची जबाबदारी बँकेवर येते. ‘तो एजन्सीचा माणूस, आमचा नाही’ असं म्हणून बँकेला हात झटकता येत नाहीत. २००८ पासूनचे आणखी काही नियम आहेत. प्रकरण कोणत्या एजन्सीकडे दिलंय हे बँकेने कर्जदाराला कळवायचं असतं. घरी येणाऱ्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र लागतं. कर्जदाराची तक्रार बँकेत पडून असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत प्रकरण एजन्सीकडे पाठवायचं नाही; अपवाद एवढाच की कर्जदार उगाच, पुन्हा पुन्हा तक्रारी करतो आहे अशी बँकेची पुराव्यानिशी खात्री पटली तर ती वसुली चालू ठेवू शकते. या शेवटच्या नियमाचा तुला सगळ्यात जास्त उपयोग होणार आहे, म्हणून लेखी तक्रार लगेच करायची.

पोलिसांची भीती मनातून काढ. कर्ज थकणं ही दिवाणी बाब आहे, गुन्हा नाही. ऐपतच नाही म्हणून देणं राहिलं, एवढ्या कारणावरून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात सांगितलं आहे. वॉरंट न्यायालय काढतं, वसुली एजंट ते व्हॉट्सअॅपवर वाटत नाही. तो कागद नीट बघ: न्यायालयाचं नाव आहे का, खटला क्रमांक आहे का? असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो क्रमांक आणि तुझं नाव टाकून शोध. तराजूचं चित्र आणि लाल अक्षरांतलं ‘अंतिम’ एवढंच असेल तर तो पुरावा म्हणून जपून ठेव. एका ठिकाणी मात्र सावध राहा. दिलेला चेक वटला नाही, किंवा हप्त्यासाठी दिलेला ऑटो डेबिटचा आदेश खात्यात पैसे नसल्याने परत गेला, तर त्यावर फौजदारी तक्रार होऊ शकते. म्हणून एजंटने मागितलेले पुढच्या तारखांचे चेक मुळीच देऊ नकोस.

मग बँक जास्तीत जास्त काय करू शकते? दिवाणी न्यायालयात तुझ्यावर आणि बाबांवर दावा लावू शकते. तुझ्या कर्जाला तारण नाही, त्यामुळे घराला परस्पर टाळं ठोकायची वाट बँकेला खुली नाही. दावा जिंकून पगारावर जप्ती आणली तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १ हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. तुझ्या २४ हजारांत हे हिशेबाला बसवून बघ: जास्तीत जास्त ७,६६७ रुपये जातील, १६,३३३ तुझ्याकडे राहतील. खात्यातल्या शिलकीवर, इतर मालमत्तेवरही जप्ती येऊ शकते, ते मी लपवत नाही. पण ज्या संकटाच्या कल्पनेने तू रात्र रात्र जागते आहेस, त्याचा आकडा महिन्याला साडेसात हजारांच्या घरात आहे. पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर मात्र ते दुसरीकडे काढ, कारण स्वतःकडच्या शिलकीतून बँक थकबाकी वळती करून घेऊ शकते.

मित्राची वाट वाटते तितकी सोपी नाही. मुदतीच्या १९६३ च्या कायद्याप्रमाणे अशा कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, एवढं तो बरोबर सांगतो. पण मुदत संपायच्या आत भरलेला एखादा हप्ता किंवा कर्ज मान्य असल्याची लेखी कबुली, यातून ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते, आणि बँका मुदत संपायच्या आत दावा लावतात. मुदत टळली तरी देणं पुसलं जात नाही, सिबिलवरचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या अहवालावरचा, डाग राहतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलीस की तो समोर येतो. सिमकार्ड बदललंस तर तुझे फोन बंद होतील आणि बाबांचे सुरू होतील.

आता खरं काम. ज्या शाखेत कर्ज आहे तिथे आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी जा. एकटी जाऊ नकोस. आधी सुरुवातीपासूनचा पूर्ण खातेउतारा माग आणि घरी आणून पेन्सिल घेऊन बस. मुद्दल किती दिलं होतं, सवडीच्या काळातलं व्याज कधी मुद्दलात मिळवलं, विम्याचा हप्ता लावलाय का, दंड किती. दंडाकडे विशेष बघ: रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे थकबाकीवर दंडव्याज लावता येत नाही. दंडशुल्क लावता येतं, पण ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. जुन्या कर्जांनाही जून २०२४ अखेरपर्यंत हा नियम लावायचा होता. दुसरं, प्रवेशाच्या वेळी घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर तंत्रशिक्षणाच्या कर्जावर सवडीच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, अशी योजना २००९ पासून होती. तुझ्यासाठी तो दावा केला होता का, ती रक्कम खात्यात जमा झाली का, हे लेखी विचार. उत्पन्नाचा दाखला वेळेवर न दिल्यामुळे हे अनुदान हुकलेले कितीतरी जण असतात.

मग अर्ज. शाखा व्यवस्थापकांच्या नावे, साध्या मराठीत, असा: “माझे शैक्षणिक कर्ज खाते क्रमांक अमुक थकीत आहे. मला कर्ज फेडायचे आहे. सध्याचा पगार २४,००० रुपये असून पगारपत्रक जोडले आहे. दरमहा इतके रुपये भरणे शक्य आहे. मुदत वाढवून हप्ता कमी करावा, अथवा एकरकमी तडजोडीची अट लेखी कळवावी. प्रकरण कोणत्या वसुली एजन्सीकडे दिले आहे, तिचे नाव कळवावे. पुढील संपर्क याच ईमेलवर व नव्या पत्त्यावर करावा.” त्रासाची तक्रार वेगळ्या कागदावर लिही: तारीख, वेळ, नंबर, काय बोलला, सोबत स्क्रीनशॉट. दोन्हीच्या दोन-दोन प्रती ने आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नकोस. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा’ म्हणतील. ठेवायचं नाही. घेतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठव, पावती जप, आणि तेच ईमेलनेही पाठव.

बँकेपुढे मुख्यतः दोन पर्याय मांडता येतात. पहिला मुदत वाढवण्याचा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत परतफेडीला १५ वर्षांपर्यंतची मुदत बसते. साडेदहा टक्के दर धरला तर दर लाखाला १० वर्षांसाठी साधारण १,३५० रुपये हप्ता येतो, १५ वर्षांसाठी १,१०५. तुझ्या ७ लाख ४० हजारांवर ते अनुक्रमे दहा हजारांच्या जवळ आणि ८,२०० च्या आत. हप्ता अठराशेंनी उतरतो, पण सगळ्या मुदतीत मिळून पावणेतीन लाखांच्या आसपास व्याज जास्त जातं. तरीही मी तुझ्या जागी हाच पर्याय आधी मागितला असता. पगार वाढला की जास्त भरून मुदत कमी करता येते, पण न झेपणारा हप्ता कबूल केला तर पाचव्या महिन्यात पुन्हा तेच फोन. अडचण एक आहे: एनपीए झालेल्या खात्याची अशी फेरमांडणी करायची की नाही हे बँक ठरवते, आणि सगळी थकबाकी भरली गेल्याशिवाय खातं पुन्हा नियमित धरलं जात नाही. त्यामुळे बँक सुरुवातीला काही रक्कम मागेल.

दुसरा पर्याय एकरकमी तडजोडीचा. इथे बँक काही व्याज, कधी थोडं मुद्दलही सोडते. पण सिबिलच्या अहवालात खातं ‘सेटल्ड’ म्हणून नोंदलं जातं आणि पुढचं कर्ज देणारा ते बघून बिचकतो. हीच तडजोड लोकअदालतीत होऊ शकते. तिथे फी नाही, पण ठरलेला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील करता येत नाही. म्हणून तिथे बरं दिसावं म्हणून फुगवलेला आकडा बोलू नकोस. लोकअदालतीची नोटीस खरी असेल तर घाबरायचं कारण नाही, ते बोलणीचं बोलावणं असतं. खरी आहे का, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारता येतं, आणि तिथेच तुला मोफत वकीलही मिळू शकतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

सोन्याचा विषय इथे आला तर मी नाही म्हणणार नाही. बँकेचं तडजोडीचं पत्र हातात आहे, रक्कम पटते आहे आणि आई समजून-उमजून देते आहे, तर तो घरातला निर्णय. पण झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवरून पैसे उचलून हे फेडायच्या फंदात पडू नकोस. साडेदहा टक्क्यांचं कर्ज फेडायला त्याच्या कैक पट महाग कर्ज घेतलंस तर आत्ताचे फोन बंद होऊन त्याहून वाईट फोन सुरू होतील.

बाबांना सांग. त्यांना वाचवायला म्हणून लपवते आहेस, पण ते सहकर्जदार आहेत; देणं कायद्याने तुझ्याइतकंच त्यांचं आहे, त्यांचंही सिबिल घसरतंय आणि दावा झाला तर समन्स त्यांच्याही नावे येईल. ते त्यांना अनोळखी माणसाकडून कळण्यापेक्षा खातेउतारा आणि अर्जाची शिक्का मारलेली प्रत पुढ्यात ठेवून तू सांगितलेलं केव्हाही चांगलं. ते रागावतील. एखादा दिवस बोलणारही नाहीत. पण बँकेत तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायला त्यांच्याइतकं योग्य माणूस कोणी नाही.

होणाऱ्या नवऱ्याला सांगायला मात्र शनिवारपर्यंत थांबू नकोस. त्याला हे कळू नये, यावरच तर त्या एजंटचा सगळा जोर चालला आहे. शिवाय त्याचाही हक्क आहे. संसाराचा पहिल्या दहा वर्षांचा हिशेब ज्या देण्याभोवती मांडायचा ते त्याला आधी माहीत हवं. रक्कम, बँकेला केलेला अर्ज, दरमहा किती जाणार, हे तीन आकडे सांग. रडू आलं तर येऊ दे, पण आकडे सांग. त्याच्या घरी कसं आणि कोणी सांगायचं ते दोघांनी मिळून ठरवा. एचआरला दोन ओळींचा ईमेल पुरे: माझ्या वैयक्तिक कर्जाबाबत आलेल्या फोनला कोणतीही माहिती देऊ नये, त्रासाची तक्रार बँकेकडे केलेली आहे.

बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. रिझर्व्ह बँकेच्या ऑनलाइन तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार फुकट होते, माहितीसाठी १४४४८. धमक्या चालूच राहिल्या तर पोलीस ठाण्यात तूच जायचंस. धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. फोन उचललास तर एकच वाक्य: “तुमचं नाव, एजन्सी आणि अधिकारपत्र मेल करा, मी बँकेशी लेखी बोलते आहे.” आणि फोन ठेव. वाद घालायचा नाही, गयावया तर नाहीच. झोपेचं दुखणं अंगावर काढू नकोस. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं घर कर्जाला तारण आहे, त्यांचं प्रकरण वेगळं. तारण मालमत्ता न्यायालयात दावा न लावता ताब्यात घ्यायची मुभा बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली बँकेची ६० दिवसांची नोटीस आली तर ती फडताळात ठेवू नका. त्या मुदतीत लेखी हरकत घेतली की बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शेतजमीन या कायद्याच्या कचाट्यात येत नाही. आणि जे कुणाला जामीन राहिले आहेत त्यांनी ‘आधी मूळ कर्जदाराला धरा’ या भरवशावर राहू नये. करार वेगळं सांगत नसेल तर बँक दोघांपैकी कुणाकडेही जाऊ शकते.

कर्ज फिटलं किंवा तडजोड पूर्ण झाली की त्याच आठवड्यात बँकेकडून येणं नसल्याचा दाखला घे. महिना-दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून बघ. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. तुझ्या आणि बाबांच्या, दोघांच्याही अहवालात खात्यापुढे शिल्लक शून्य दिसायला हवी. दिसली नाही तर दाखला जोडून दुरुस्तीचा अर्ज कर.